अमळनेरचा ‘ळ’ मावतो का?

पाटी आणि कुंची : वाचकांचे प्रश्न, पेंटरची उत्तरं

मागच्या अंकात दुकानांच्या पाट्यांवर चार ओळी लिहिल्या आणि पहिल्यांदाच पत्रांचा गठ्ठा घरी आला. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही फेमस झालात. फेमस कसला, निम्म्याहून जास्त पत्रांत एकच दुखणं आहे. नाव लांब, बोर्ड लहान आणि अक्षर तर रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे. म्हणजे जाड हवं आणि उभटही हवं. माझे उस्ताद याला ‘दाटीचं अक्षर’ म्हणत. कॉम्प्युटरवाली पोरं ‘बोल्ड कंडेन्स्ड’ म्हणतात. वस्तू एकच. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देतो. फ्लेक्सचा भाव विचारणाऱ्यांनी माफ करावं, तो मुलगा बघतो.

प्रश्न : राम राम आप्पा. मनं पारोयाले किरानानं दुकान शे. बोर्ड आठ फूट बाय दोन फूट. नाव ‘श्री मुक्ताई किराणा आणि जनरल स्टोअर्स’. पोऱ्यानी कॉम्प्युटरवर अक्षरं दाबी-दाबी बसाडात, पन माले ते बरं दिखत नही. काय चुकनं?

उत्तर : डोया खरं सांगस, भाऊ. बोर्ड न पाहताच तुमचं दुखणं कळलं, कारण रोज संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हेच दिसतं.

असं समजा, जाड अक्षराचा काना दोन इंच रुंद आहे आणि वरची शिरोरेघही दोन इंच जाड आहे. पोराने माऊसने अक्षर बाजूने दाबत साठ टक्क्यांवर आणलं. काना झाला सव्वा इंचाच्या आत. शिरोरेघेची जाडी मात्र वरून खाली मोजायची असते, ती कुणी दाबलीच नाही. ती राहिली दोनची दोन. आता ते अक्षर कसं दिसणार? काटकुळ्या टेकूंवर सागाची तुळई ठेवल्यासारखं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी पडेल असं वाटत राहतं. तुम्हाला तेच वाटलं.

दाटीचं अक्षर मुळातच दाटीचं काढावं लागतं. काढणारा काना जाडच ठेवतो, शिरोरेघ किंचित बारीक करतो आणि रुंदी वाचवतो ती अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेतून आणि गोलाईतून. गोल वळणं थोडी उभी, चपट्या गालांची होतात. हे काम माऊस ओढून होत नाही. मराठीत असे तयार फॉन्ट आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘अनेक’ आहे, त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तेवढी कमी-जास्त करता येते. तुमच्या पोराला ‘अनेक देवनागरी’ उतरवून घ्यायला सांगा आणि रुंदीचा काटा फॉन्टच्या आत हलवायला सांगा, बाहेरून नाही.

पण त्याआधी हिशोब करा. माझी रीत अशी. पूर्ण अक्षर एक माप. काना किंवा वेलांटीचा दांडा अर्धं माप. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर अर्धं. ‘र’ अंगाने बारीक, तोही अर्धा. दोन शब्दांमधली जागा एक. ‘श्री मुक्ताई’ची साडेपाच मापं होतात, शब्दांमधल्या दोन जागांची दोन, ‘किराणा’ची चार. एकूण साडेअकरा. तुमचा बोर्ड ९६ इंच, दोन्ही कडांना सहा-सहा इंच सोडले तर उरले ८४. म्हणजे एका मापाला सव्वासात इंच. उंचीत २४ इंच आहेत. वर-खाली दोन-दोन मोकळे, वेलांट्यांना वर चार, उकाराला खाली चार, तर अक्षराच्या अंगाला उरले १२. सव्वासात रुंद आणि बारा उंच. हे झालं सुरेख दाटीचं अक्षर, ओढाताणीशिवाय.

पण लक्षात आलं ना, हा हिशोब फक्त ‘श्री मुक्ताई किराणा’ एवढ्याचा आहे. ‘आणि जनरल स्टोअर्स’ला जागा नाही, आणि नसू द्या. किराणा दुकानात साबण मिळतो हे पारोळ्यात कुणाला सांगायला हवं?

प्रश्न : मी धुळ्याला उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला जाड, अरुंद सॅन्स-सेरिफ अक्षरांवर टिपण लिहायचं आहे. ही अक्षरं आली कुठून? आणि देवनागरीला मुळात सेरिफच नाहीत, मग तिच्यात सॅन्स-सेरिफ म्हणजे काय?

उत्तर : बेटा, तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. पण पहिल्यापासून येतो.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या शेपट्या. त्या कापून टाकलेला पहिला छपाईचा खिळा, म्हणजे शिशात ओतलेलं अक्षर, १८१६ च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथ्याच्या नमुना-पुस्तकात दिसतो. सगळी मोठी अक्षरं आणि एकच आकार, एवढंच. ‘सॅन्स-सेरिफ’ हे नाव व्हिन्सेंट फिगिन्सने १८३२ मध्ये वापरलं. तेव्हा या अक्षरांकडे पुस्तकं छापायला म्हणून कुणी पाहत नव्हतं. ती होती जाहिरातीची, भिंतीवर चिकटवायची, गर्दीत ओरडायची.

ती उभट आणि जाड होण्यात लाकडाचा मोठा वाटा आहे. शिशाचा हातभर उंच खिळा ओतला तर तो वजनाने उचलवत नाही, थंड होताना पृष्ठभागही सपाट राहत नाही. १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकूड कोरणारं फिरतं यंत्र वापरून मोठी अक्षरं करायला सुरुवात केली. लाकूड हलकं आणि स्वस्त. मग काय, सर्कस, नाटक, लिलाव, हरवलेला घोडा, ज्याला-त्याला मोठं अक्षर हवं झालं. पण कागदाची रुंदी ठरलेली. ओळ लांबली की अक्षर आखडायचं आणि उंच व्हायचं. दाटीचं अक्षर असं गरजेतून आलं, शोभेतून नाही.

पुढची नावं टिपणात घाल. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने १९०२ मध्ये फ्रँकलिन गॉथिक आणि १९०३ मध्ये ऑल्टरनेट गॉथिक काढला. हा दुसरा तीन वेगवेगळ्या रुंदींत होता. ओळ जेवढी उरेल तेवढ्या रुंदीचं अक्षर उचलायचं. आणि ज्याला आज अख्खं जग ओळखतं तो इम्पॅक्ट, जेफ्री ली यांनी काढला आणि इंग्लंडमधल्या शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीने १९६५ मध्ये बाजारात आणला. शिशाच्या खिळ्यांचे दिवस तेव्हा भरत आले होते. त्याच्यात लहान अक्षरांचं अंग मोठ्या अक्षरांच्या जवळपास उंच आहे, वर-खाली जाणारे दांडे आखूड आहेत आणि पोटातलं पांढरं जेमतेम फटीएवढं. शाई जास्त, हवा कमी. पुढे विंडोजबरोबर तो घरोघर पोचला आणि मोबाइलवरच्या विनोदी चित्रांवर जाऊन बसला. शेफील्डमध्ये खिळा ओतणाऱ्याच्या स्वप्नातही हे नसणार.

आता देवनागरी. आपल्याकडे शेपट्या नाहीत हे खरं, पण बोरू आहे. तिरप्या कापाच्या बोरूने लिहिलं की एका दिशेची रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेची बारीक. जुन्या पोथ्यांत आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या छपाईत ती जाड-बारीक लय दिसते. ती काढून टाकली, सगळीकडे रेघ एकसारखी ठेवली आणि टोकं सरळ कापली, की देवनागरीतलं सॅन्स-सेरिफ झालं. शेपटी गेली असं म्हणू नकोस, बोरू गेला असं म्हण. तुझ्या सरांना आवडलं नाही तर माझं नाव सांग.

पण एकसारखी रेघ म्हणजे पट्टीने मोजून एकसारखी नव्हे, डोळ्याला एकसारखी. ‘म’ची गाठ दांड्याला जिथे मिळते तिथे दोन काळे एकत्र येतात. तिथे रेघ बारीक केली नाही तर शाईचा गोळा होतो. मी हे शिकलो अमळनेरला, एका ट्रेडल प्रेसवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर. १९७४ ची गोष्ट. मी सतरा वर्षांचा, खिळे जुळवणारा पोऱ्या. कुस्तीच्या दंगलीची आणि तमाशाची हँडबिलं यायची. मोठ्या ओळींसाठी लाकडी अक्षरांची एक जुनी पेटी होती, कडा झिजलेली. त्या पेटीत ‘ळ’ फक्त तीन. आता हँडबिलावर गावांची नावं काय असायची? जळगाव, भुसावळ, धुळे, पारोळा, चाळीसगाव, अमळनेर. सहाच्या सहा गावांत ‘ळ’! खानदेशचा मोठा गंमतीचा मामला आहे हा. बोलताना आपण ‘ळ’चा ‘य’ करून मोकळे होतो, धुयं काय नि जयगाव काय. पाटीवर लिहिताना मात्र सुटका नाही.

मालक म्हणायचे, उरलेल्या तिघांत ‘ल’ बसव, कोण बघतंय. मी ‘अमलनेर’ बसवलं आणि अमळनेरमध्येच ते वाटलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने मला ते हँडबिल दाखवून विचारलं, हे गाव कुठे आलं रे बाबा? त्या दिवसापासून कोणतंही दाटीचं अक्षर हातात आलं की मी आधी त्याचा ‘ळ’ बघतो. कारण ‘ळ’ला काना नाही, टेकायला दांडा नाही. दोन गोल शेजारी-शेजारी आणि वरून टांगलेले. बाकीची अक्षरं आखडताना पोट थोडं आत घेतात, ‘ळ’कडे पोटांशिवाय काहीच नाही. ज्याने ‘ळ’ अरुंद करूनही दोन्ही डोळे उघडे ठेवले त्याला अक्षर कळलं. टिपणाला एक प्रयोग जोड. दहा फॉन्टांचे दहा ‘ळ’ एका पानावर काढ.

प्रश्न : जळगावात माझं मोबाइलचं दुकान आहे. बोर्डावर इंग्रजी नाव इम्पॅक्टमध्ये मोठं आहे, खाली मराठी. आता मराठी लहान चालणार नाही म्हणतात. बोर्ड तोच ठेवून काही करता येईल का?

उत्तर : म्हणतात नाही, कायदाच आहे. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी लागते. मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते, ते पेपरात वाचलं असेल. म्हणजे पहिलं काम हे की मराठी वर आणायची.

खरी चूक मोजण्यात होते. फ्लेक्सवाला इंग्रजी मोठी अक्षरं १२ इंच उंच ठेवतो. मग मराठी ओळही १२ इंच करतो, पण वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत मोजून. कागदावर दोन्ही १२. रस्त्यावरून पाहा, मराठी लेकरू दिसतं आणि इंग्रजी पहिलवान. कारण त्या बारातलं अक्षराचं खरं अंग सातेक इंचच असतं, बाकीचं वरच्या-खालच्या मात्रांनी खाल्लं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही नसतं, ती सरळ विटांची भिंत. म्हणून मी नेहमी शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजतो आणि ते माप इंग्रजी अक्षराच्या उंचीएवढं किंवा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, जास्त ठेवतो.

मग बोर्डात जागा कशी होणार? इंग्रजीला आखडा. इम्पॅक्टची उंची कमी केली तरी तो दिसतो, त्याच्या अंगात शाई भरपूर आहे. मराठीसाठी तेवढ्याच जाडीचा फॉन्ट घ्या. इंग्रजी ठसठशीत आणि मराठी सुतासारखी, असं झालं की कायदा पाळूनही मराठी दुय्यमच दिसते. दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेला फॉन्ट मिळाला तर उत्तम. ‘खंड’, ‘टेको’, ‘अनेक’ तिघांतही इंग्रजी अक्षरं आहेत, त्यामुळे जाडी जुळवत बसावं लागत नाही. इम्पॅक्टचा मोह सोडा, शेठ. त्याच्यात मराठी नाही.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत आमचा खेळण्यांचा स्टॉल असतो. शहाद्याच्या रस्त्यावर फलक लावायचा आहे. अक्षर किती मोठं ठेवू? जाड ठेवलं तर लांबून दिसतं का?

उत्तर : जाड दिसतं. पण दिसणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबून जाड अक्षर काळा डाग म्हणून आधी दिसतं, शब्द म्हणून नंतर.

आमच्या धंद्याचा ठोकताळा असा की दहा फुटांना एक इंच अक्षर. साठच्या वेगाने जाणारी जीप एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर रस्ता कापते. ५० मीटरवरून फलक वाचायला लागली तर ड्रायव्हरच्या हातात तीन सेकंद. ५० मीटर म्हणजे १६४ फूट, म्हणजे अक्षर १६ इंचांचं. तीन सेकंदांत माणूस चार-पाच शब्द वाचतो. ‘खेळणी, डावीकडे, पुलाआधी’. बस्स. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले फोटो टाकू नका. यात्रेला घोडे बघायला येतात लोक.

फलक छापायच्या आधी घरी तपासता येतो. १६४ फुटांवर १६ इंच म्हणजे दहा फुटांवर एक इंच. साध्या कागदावर एक इंचाची प्रिंट काढा, भिंतीला लावा, दहा फुटांवर उभे राहा आणि डोळे बारीक करा. जे अक्षर बुजलं ते रस्त्यावर बुजणार.

कोणती अक्षरं बुजतात तेही सांगतो. जाड आणि अरुंद केलं की ‘घ’ आणि ‘ध’ भाऊ-भाऊ होतात. ‘भ’ ‘म’सारखा, ‘थ’ ‘य’सारखा दिसतो. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ भरली की त्याचा ‘व’. ‘ष’चा ‘प’. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘झ’ यांच्या गाठी होतात. आणि ‘ख’ तर जुना दगाबाज. चोपड्याच्या बाजारात एका तेलघाणीवाल्याची पाटी मी रंगवली होती, ‘शुद्ध खाद्यतेल’. नव्याने हात बसला होता, अक्षर चांगलं जाड, भारदस्त काढलं. ‘ख’चे दोन भाग पायाशी जोडायला मी विसरलो नव्हतो, पण जोड इतका बारीक ठेवला की दोन पावसाळ्यांत उडाला. मालक म्हणाले, पेंटर, लोक विचारतात, ‘रवाद्यतेल’ म्हणजे रव्याचं तेल का? पाटी फुकटात पुन्हा रंगवून दिली. आता ‘ख’चा जोड मी कान्याइतकाच जाड ठेवतो.

फॉन्ट निवडताना माझं एक चाचणीचं वाक्य आहे, तुम्हीही वापरा : ‘खळ्यावरच्या शेतकऱ्यांनी लक्षपूर्वक ज्वारी झोडली’. यात ‘ख’ आहे, ‘ळ’ आहे, ‘क्ष’ आणि ‘झ’ आहेत. शिवाय ‘ऱ्या’मधला आडवा ‘र’ आहे. काही फॉन्टांत तो ‘र’ येतच नाही, ‘शेतकर्यांनी’ असं उभं राहतं. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलला, दर दुसऱ्या बोर्डावर शेतकरी असतो, तिथे असला फॉन्ट काय कामाचा? ‘ल’ आणि ‘श’ही बघा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीसाठी ठरवून दिले. पुष्कळ फॉन्ट सुरुवातीला हिंदी वळण दाखवतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काहींमध्ये आपलं वळण येतं. जाड अक्षरात पाकळीचा ‘ल’ दाटीने बसवणं कठीण आहे, पण ते फॉन्ट काढणाऱ्याचं दुखणं. तुम्ही तुमचा ‘ल’ मागा.

रंगाचं विचारलं नाहीत तरी सांगतो. भुसावळ स्टेशनची पाटी आठवा. पिवळ्यावर काळं. त्यापुढे जाऊ नका.

प्रश्न : मी शिरपूरला हाताने बोर्ड रंगवतो. गिऱ्हाईक मोबाइलवर फॉन्ट दाखवतं आणि म्हणतं, असंच पाहिजे. दाटीचं जाड अक्षर कुंचीने नीट येत नाही. मधेच ओळ फुगते.

उत्तर : गड्या, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कुंची धरणारा अजून कुणी आहे म्हणून.

ओळ फुगते कारण तू अक्षरं एकेक करून काढत जातोस. पहिली चार मोकळी येतात, मग जागा संपत आली की शेवटची आखडतात. नाहीतर उलटं होतं. आधी दोरी मार. तीन रेघा लागतात : शिरोरेघ, पाया आणि मधली, जिथे ‘म’ची गाठ, ‘प’चं पोट, ‘स’ची आडवी रेघ येते. मधली रेघ बरोबर मध्यावर नको, किंचित खाली. नाहीतर अक्षर कमरेतून आखडलेलं दिसतं. मग खडूने सगळ्या ओळीचे फक्त उभे दांडे टाक. काने, वेलांट्यांचे दांडे, ‘म’ ‘प’ ‘त’ ‘न’ यांचे दांडे, सगळे. आणि दूर जा. कुंपणाचे खांब कसे असतात, तसे ते दिसायला हवेत. सारख्या अंतरावर नव्हे, सारख्या दमाने. दांडा आणि काना शेजारी आले, जसे ‘मामा’मध्ये, की तिथे काळं दाटतं, तिथे अंतर जरा वाढव. ‘र’, ‘ट’, ‘ळ’ आजूबाजूला आपोआप मोकळी जागा सोडतात, तिथे कमी कर. दांडे जमले की ऐंशी टक्के पाटी झाली. पोटं भरायला वेळ लागत नाही.

कुंची चपटी घे आणि कान्याएवढ्याच रुंदीची घे, म्हणजे दांडा एका फटक्यात उतरतो. दोन फटक्यांत काढलेल्या जाड दांड्याच्या कडा कधीच समांतर येत नाहीत. पोटातलं पांढरं कान्याच्या निम्म्यापेक्षा कमी होऊ देऊ नकोस. छापील इम्पॅक्टमध्ये त्याहून कमी चालतं, पण एनॅमल ओघळतं, ऊन लागतं, धूळ बसते. फट बुजते. मे महिन्यात शिरपूरच्या उन्हात पत्रा तापतो तेव्हा तर सकाळी नऊच्या आत हात आवर. तापल्या पत्र्यावर रंग ओढला जात नाही.

शिरोरेघ सगळ्यात शेवटी. काही जण आधी मारतात आणि मग अक्षरं तिला टांगतात. मी तसं करत नाही. रेघ शेवटी मारली की कुठे दांडा सूतभर खाली राहिला असेल तर ती झाकून घेते. आणि दाटीच्या अक्षरात तिची जाडी कान्याच्या पाऊणपट ठेव, सारखी नको. डोळा आडवी रेघ जास्त जाड बघतो.

गिऱ्हाईक मोबाइल दाखवतं तेव्हा वाद घालू नकोस. फॉन्ट बघ, त्याच्या ‘ळ’ला आणि ‘ख’ला काय केलंय ते बघ, चांगलं असेल तर उचल. वाईट असेल तर तुझा ‘ळ’ काढ आणि ‘असंच आहे की’ म्हण. मी चाळीस वर्षं हेच केलं.

प्रश्न : नेटवर फुकट मिळणारे फॉन्ट दुकानाच्या बोर्डाला वापरले तर पुढे कुणी पैसे मागेल का? आणि आमच्या जुन्या फाइलींतलं मराठी नवीन फॉन्ट लावला की इंग्रजी अक्षरांचा कचरा का होतो?

उत्तर : गूगल फॉन्ट्सवर जे आहेत, ‘खंड’, ‘टेको’, ‘अनेक’ धरून, ते मुक्त परवान्याचे आहेत. बोर्डाला, पत्रिकेला, केळीच्या खोक्यांवर छापायला पैसे लागत नाहीत. फक्त फॉन्टची फाइल तेवढीच वेगळी विकता येत नाही. पेन ड्राइव्हवर मित्राने दिलेल्या फॉन्टचं मात्र मी काही सांगणार नाही, तो कुठून आला ते मित्राला विचारा.

कचरा होतो कारण तुमच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या आहेत. युनिकोड म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची ठरलेली घरं देणारी पद्धत. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी चित्रं बसवायचे. फॉन्ट बदलला की चित्र जातं, घर उरतं. परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर एकदा डोळ्यांनी वाचा. ‘ऱ्या’ आणि रफार हमखास चुकतात.

‘खंड’ फॉन्टवर एका वाचकाने विचारलं आहे, तो खानदेशवरून काढलाय का. नाही. पण मी भुसावळच्या एका बोर्डाला तो लावला तेव्हा गिऱ्हाइकाला ‘आपलाच आहे’ एवढं सांगितलं, आणि त्याने दुसरा फॉन्ट मागितला नाही.

पुढच्या अंकात लग्नपत्रिकांची अक्षरं. बोर्डाबद्दल अजून कुणाला विचारायचं असेल तर फोटो जरूर पाठवा, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने काढलेला. शिडीवर चढून काढलेले अकरा फोटो आलेत, त्यांना उत्तर देता आलं नाही.